शिवेच्या आतलं पाणी

पाणी शून्य अंशाला गोठतं, असं मी दर वर्षी शिकवते आणि दर वर्षी मला थोडं खोटं बोलल्यासारखं वाटतं. पुस्तकात तेच आहे, परीक्षेत तेच विचारतात, म्हणून मीही फळ्यावर तेच लिहिते. पण स्वच्छ पाण्याचा बारका थेंब उणे दहाला, कधी उणे पंधरालाही पाणीच राहतो. त्याला बर्फ व्हायचं असतं, थंडी हवी त्याहून जास्त असते, फक्त सुरुवात करून देणारं कुणी नसतं. मग तो तसाच थांबतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, छान आहे की, काही तक्रार नाही.

गेल्या आठवड्यात साताऱ्यात, आमच्या कॉलेजच्या चढावर उसाचा ट्रॅक्टर बंद पडला. मागे गाड्यांची ही रांग. ट्रॅक्टरवरचा गाण्याचा आवाज मात्र जोरात चालू. मी स्कूटर बाजूला लावली आणि ट्रॉलीतून बाहेर आलेल्या एका उसाच्या पेराखाली बोट फिरवलं. पांढरी भुकटी बोटाला आली, हाताला तुळतुळीत लागली. गळीत हंगाम सुरू झाला की असं काहीतरी निमित्त होतं आणि मी पलूसजवळच्या त्या वस्तीवर जाऊन पोचते. त्या हिवाळ्याला आता सात वर्षं झाली.

मी साताऱ्यात वाढलेली, शहरातली. मे महिन्यात लग्न होऊन मळ्यातल्या त्या घरी गेले तेव्हा ऊस छातीइतका होता. दिवाळीपर्यंत तो घराच्या पत्र्याला टेकला. तीन बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला गोठा. अंगणात उभं राहिलं की डोक्यावरचं चौकोनी आभाळ तेवढं दिसायचं. पहाटेचं धुकं उसात शिरायचं ते दहा वाजेपर्यंत निघायचं नाही. वारा आला की पाती एकमेकांवर घासायची आणि वाटायचं कुणीतरी येतंय. कुणी येत नसायचं. लांबून कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा, मळीचा आंबूस वास यायचा, कुठेतरी पाचट पेटलेलं असलं तर दोरीवरच्या ओल्या कपड्यांवर काळी काजळी पडायची. जग चालू आहे, एवढं त्यावरून कळायचं.

घरात आम्ही तिघं. सासूबाई, त्यांना आमच्याकडच्या रीतीने मी आत्या म्हणते. सासरे, म्हणजे मामा. आणि मी. चौथा संदीप, माझा नवरा, फौजेत. ऑक्टोबरात त्याला वर, बर्फातल्या चौकीवर पाठवलं. नेमकी कुठली ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. दर रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा, पाच-सहा मिनिटांचा. आधी आत्या बोलायच्या, मग मामा, आणि मग उरलेलं जे काही असेल ते माझं. बऱ्याचदा मी "हॅलो" म्हणेपर्यंत लाइन जायची. तरी त्या "हॅलो"साठी मी रविवारी सकाळपासून नीट साडी नेसून बसायची, याचं मला आज हसू येतं.

तो वर गेला त्याच आठवड्यात आत्या नारळ घेऊन शिवेवरच्या म्हसोबाला जाऊन आल्या. आमची शीव म्हणजे एक ओढा, त्याच्या काठाला बाभूळ आणि बाभळीखाली शेंदूर फासलेला देव. संध्याकाळी जेवताना त्यांनी सांगितलं, की तुझ्या नावानं बोलून आले. संदीप धडपणी खाली येईपर्यंत स्वाती शीव ओलांडणार नाही. आईच्या नवसापेक्षा बायकोचा नवस देव लवकर ऐकतो, असं त्यांचं म्हणणं. मला विचारायला हवं होतं हे त्यांच्या डोक्यातही आलं नसेल. त्यांनी मला त्याच हाताने भाकरीवर लोणी वाढलं.

छळ असता तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं, बॅग उचलून साताऱ्याला जाता आलं असतं. पण आत्या माझे केस विंचरायच्या, मला आवडतात म्हणून वाटाणे सोलून फ्रीजरमध्ये भरून ठेवायच्या, मला जड कामाला हात लावू द्यायच्या नाहीत. माणूस मायेत असा अडकला की सुटायला कोपराच सापडत नाही. मला राग यायचा आणि रागाची लाज वाटायची.

लग्नाआधी सांगलीच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी पीएचडी करत होते. विषय हाच, अतिथंड पाण्याला बर्फ करायला कुठले सेंद्रिय पदार्थ भाग पाडतात. सगळं झालं होतं, शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. जानेवारीत आमच्या सरांचा फोन आला. ते म्हणाले, नोंदणीची मुदत दहा मार्चला संपतेय, पुढे वाढवून मिळणार नाही. दहा दिवस ये, राहिलेले प्रयोग उरक आणि प्रबंध दे. नाहीतर पाच वर्षं पाण्यात. सर विनोद करत नव्हते, त्यांची बोलायची पद्धतच तशी.

सांगली आमच्या फाट्यावरून एसटीने एक तास. मी जेवताना विषय काढला. मामा ताटात बघत राहिले. आत्या म्हणाल्या की संदीप येऊ दे की खाली, मग दहा दिवस काय, महिनाभर जा. तो जूनमध्ये यायचा होता.

कुणी म्हणेल, जायचं की सरळ. शिकलेली बाई, नवसाला घाबरते? मीही स्वतःला हे रोज विचारायची. घाबरत नव्हते. पण प्रयोग करणारीला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की तुलनेला दुसरा नमुना लागतो. माझा नवरा एकच होता. मी शीव ओलांडली आणि वर काही झालं, तर त्याचा याच्याशी संबंध नाही हे मी कुणाला दाखवणार होते? आत्यांना? मला स्वतःला? त्यापुढची सगळी वर्षं त्याच घरात काढायची होती. मी गेले नाही.

आणि मग मी फ्रीजर वापरायला लागले.

दुपारी मामा उसाला पाणी द्यायला जायचे, आत्या जरा आडव्या व्हायच्या. लाइट असली तर तासभर माझा. पाणी म्हणून मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी घेतलं, ते बऱ्यापैकी शुद्ध असतं. थर्मामीटर माझ्या पेटीत होता. आता थेंब ठेवायला असं काहीतरी हवं होतं जे फ्रीजरबाहेर काढल्यावरही काही मिनिटं गार राहील. स्वयंपाकघरात खिळ्याला बिडाचा जुना तवा टांगलेला असायचा. जाड, जड, रोज वापरात नव्हता. त्याला मामांच्या टाचांच्या भेगांचं व्हॅसलीन पातळ फासलं, वाटाण्याच्या पिशव्या बाजूला सारल्या आणि तवा आत सरकवला. तव्यावर सुईच्या टोकाने ठेवलेले बारके बारके थेंब. तासाभराने काढून बघितलं, पारा उणे बाराला आणि थेंब काचेसारखे स्वच्छ. प्रयोगशाळेत शंभर वेळा बघितलेलं ते, पण तिथे, वाटाण्याच्या वासात बघून मला रडू फुटलं.

एका थेंबात मीठ टाकलं, काही नाही. साखर टाकली, काही नाही. साखरेच्या मुलखात साखरेला काही जमू नये, याची जराशी गंमत वाटली. मग एक दिवस परसातल्या उसाची पेराखालची पांढरी भुकटी पिनेच्या टोकावर घेतली आणि थेंबाला लावली. थेंब डोळ्यासमोर पांढरा झाला. एका क्षणात, मोतीबिंदू पडल्यासारखा. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे. मी फोनवर चित्रण करून सरांना पाठवलं. सरांचं उत्तर आलं, की ते मेण असेल, पण भुकटीवरची धूळ किंवा जंतूही असू शकतात. धुऊन, वेगळं काढून, इथल्या यंत्रावर बघायला हवं. कधी येतेस?

उसावरच्या त्या मेणात लांबलचक साखळीची अल्कोहोल असतात. दारूशी त्यांचं नातं आडनावापुरतं. पाण्यावर ती एकमेकांना खेटून उभी राहतात, डोकी पाण्याकडे, आणि त्या डोक्यांमधलं अंतर बर्फातल्या पाण्याच्या कणांमधल्या अंतराशी जवळपास जुळतं. पाण्याला वाटतं, इथे बर्फ आधीच बसलाय, आणि तेही बसतं. लग्नात पंगत मांडलेली असली तरी पहिलं कुणी बसत नाही तोवर सगळे भिंतीला टेकून उभे राहतात, तसंच हे आहे. ज्या उसाने मला कोंडलं होतं त्याच्या अंगावरची ही धूळ माझं शेवटचं प्रकरण होती, आणि मला ते घेऊन एक तास लांब जाता येत नव्हतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आत्यांनी नारळाची वाटी काढायला फ्रीजर उघडला. मी मागेच उभी होते. तव्यावर पांढरं हिव साचलं होतं. त्यांनी तो दोन्ही हातांनी बाहेर काढला आणि पदराने पुसला.

"ह्या तव्यावर संदीपची पैली भाकरी भाजली म्या," त्या म्हणाल्या. "तिकडं माझं लेकरू बर्फात, आन तू हितं त्याचा तवा बर्फात घातलास?"

मला माहीत नव्हतं. खिळ्यावर टांगलेला जुना तवा, एवढंच मला दिसलं होतं. मी काहीतरी बडबडले, उष्णता, जाडी, लोखंड. त्यांनी तवा चुलीवर ठेवला, खाली जाळ केला, तवा तापल्यावर तेलाचं बोट फिरवलं आणि वर एक भाकरी टाकली. ती गाईला घातली. चार दिवस आमच्या घरात कामापुरतंच बोलणं झालं.

त्या रविवारी फोन आला नाही.

फोन न येणं अगदीच नवं नव्हतं. पण त्या दुपारी तिघंही फोनभोवती बसलो होतो आणि तिघांच्याही मनात तवा होता. पुढच्या रविवारीही आला नाही. आत्यांनी मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. त्या देवापाशी बसायच्या, उठायच्या, माझ्या ताटात वाढायच्या. बोलल्या असत्या तर मी उलट बोलले असते. त्या पंधरा दिवसांत मी फ्रीजर उघडला नाही. खरं सांगते, पाचव्या-सहाव्या दिवशी मी परसदारी जाणंसुद्धा टाळायला लागले, कारण तिकडून ओढा जवळ. मला माझीच भीती वाटायला लागली होती. पाच वर्षं शिकलेलं सगळं जागेवर होतं आणि काही उपयोगाचं नव्हतं. उसाच्या पात्यांचा आवाज ऐकत मी भाजी निवडायची आणि मनात तारखा मोजायची, त्याच्या आणि माझ्याही.

तिसऱ्या रविवारी फोन आला. बर्फ पडत होता, लाइन बंद होती, बाकी सगळं ठीक, असं त्याने एका दमात सांगितलं. मामा रुमालात तोंड घालून बसले. आत्यांनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला होता. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, की तुझा तवा मी फ्रीजरमध्ये ठेवला होता, माझं चुकलं. त्याला काही कळेना. मग सगळं सांगावं लागलं. तो हसला. म्हणाला, इथे डब्यात पाणी ठेवलं तर पाणीच असतं, मगात ओतायला गेलं की ओतता ओतता बर्फ होतं, आम्ही पैजा लावतो. मग आईला म्हणाला, "आये, हितं बर्फ व्हायला स्वातीची गरज न्हाई गं. तिला तिचं काम करू दी."

लाइन गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आडव्या झाल्या नाहीत. तवा खिळ्यावरून काढून त्यांनी माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "दाव मला. ह्याच्यावरच दाव."

तासभर आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून राहिलो. तवा बाहेर काढल्यावर मी थर्मामीटर दाखवला, थेंब दाखवले. स्वच्छ पिनेने एक थेंब हलवला, तो नुसता थरथरला. मग दुसरी पीन भुकटीत बुडवून त्यांच्या हातात दिली. थेंब पांढरा झाला तशी त्यांनी पीन मागे घेतली, मग पुढचा टोचला, आणि त्याच्या पुढचा. पंगतीचं उदाहरण त्यांना पटकन पटलं. शेवटचा एक थेंब त्यांनी तसाच ठेवला.

"आन ह्याला कुनी हात न्हाई लावला तर?"

"तर असाच राहतो."

"किती दिस?"

"तवा गार आहे तोवर. अडकलेला असतो तो, आत्या."

त्या त्या थेंबाकडे वाकून बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, गोठताना त्याला दुखत असेल का. पाच वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं, की दुखत नाही, उलट गोठताना पाणी थोडी ऊब बाहेर सोडतं. "व्हय?" त्या म्हणाल्या, आणि त्यांना ते बरं वाटलेलं दिसलं. तव्याचा गारठा हळूहळू उतरत होता. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, सांगलीला कवापर्यंत जायचं होतं तुला. मी तारीख सांगितली. त्यांनी बोटांवर दिवस मोजले. मी नवसाचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, की ते मी बघते.

त्याच आठवड्यात ऊसतोडीची टोळी आली. दोन दिवस कोयत्यांचा आवाज चालू होता, आणि तिसऱ्या सकाळी मी परसदार उघडलं तर समोर काहीच नव्हतं. बुडख्यांचं रान, त्यापलीकडे ओढा, बाभूळ, त्याच्याही पलीकडे डांबरी रस्ता आणि त्यावरून जाणारी लाल एसटी. हे सगळं एवढं जवळ होतं. मी उंबऱ्यावरच बसले.

जाताना आत्या माझी पिशवी घेऊन ओढ्यापर्यंत आल्या. तिथे पिशवी माझ्याकडे देऊन थांबल्या. फाट्यापर्यंत येतील असं मला वाटलं होतं. मनातून राग गेला नाही वाटतं, असं म्हणत मी एकटीच पुढे गेले. मागे बघितलं तर त्या बाभळीपाशी तशाच उभ्या होत्या. मी हात केला, त्यांनी केला नाही.

सांगलीत दहा दिवस मी सुटलेल्या जनावरासारखी राबले. भुकटी धुतली, उकळली, मेण वेगळं काढलं, त्यातले पदार्थ एकेक करून यंत्रावर घातले. थेंब गोठत गेले. शेवटच्या दिवशी प्रबंध दिला आणि सरांनी चहा पाजला. त्या मधल्या रविवारी मात्र मी काही खाल्लं नाही, संदीपचा फोन येऊन गेल्याचा मामांचा निरोप आला तेव्हा कुठे भूक लागली. हे मी सरांना सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये एका सकाळी शिराळ्याहून निरोप आला. आत्यांचा भाऊ गेला. एकुलता एक भाऊ, त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान, दर नागपंचमीला त्यांना न्यायला स्वतः येणारा. मामांनी शेजारची जीप आणली. मला वाटलं आत्या आतून पातळ बदलून येतील. त्या होत्या त्याच पातळावर बाहेर आल्या आणि जीपच्या पुढे पुढे चालत ओढ्यापर्यंत गेल्या. बाभळीपाशी थांबल्या. मामा मान खाली घालून बसले होते, त्यांना ठाऊक होतं.

मी जीपमधून खाली उतरले. "आत्या, चला की."

"मला न्हाई येता यायचं," त्या म्हणाल्या. "तू सांगलीला गेलीस त्याच्या आदल्या दिशी म्हसोबाला सांगून आले. सुनंचं नाव सोड, माझं घे. आईचा नवस लागतो का न्हाई द्येव जाणं, म्हून मी घराच्या वट्ट्याखाली बी कमीच उतरते."

मी त्यांचा हात धरला, बडबडले, संदीप दोन महिन्यांत येतोय, देवाला कळतं, मी थांबते तुमच्या जागी. त्यांनी माझा हात सोडवला आणि पदराखालचा तांब्या माझ्याकडे दिला. घरच्या विहिरीचं पाणी होतं, वर तुळशीचं पान.

"भनीच्या वाटचं पानी," त्या म्हणाल्या. "त्याच्या तोंडात तू घाल. सांडू नगंस."

शिराळ्यापर्यंत तांब्या मी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते. तिथे सगळे खोळंबले होते. मी पुढे होऊन त्यांच्या भावाच्या तोंडात ते पाणी घातलं. बायकांनी विचारलं, बहीण कुठाय, ती कशी नाही आली? मी म्हणाले, त्यांच्या जागी मी आलेय. त्या माझ्या जागी तिकडे ओढ्यावर उभ्या आहेत, हे मला तिथे कुणाला सांगता आलं नाही.